वीरसिंगचा दगड

पडदा वर जातो. १९६१ सालातलं नंदुरबार स्टेशन. फलाटावर कापसाच्या गाठी, आणि तिकीटखिडकीशेजारी रेल्वेनं नुकतंच चिकटवलेलं सहलीचं चित्र: हिरवा डोंगर, पांढऱ्या दगडांच्या रांगा, पुढ्यात कॅमेरा रोखलेला हॅटवाला साहेब. नाटकामागे टांगलं तर पिटातून टाळी यावी, असे रंग.

हमाल वाहरू त्यापुढे थबकला. "मगनबाबू, हाई काय शे?"

"लढाईमा मरेलस्ना दगड. ब्रह्मदेशना आंगे. आते लोके तठे फिराले जातस." तिकीटबाबू हसला. "तुले काढी देऊ का तिकीट?"

वाहरूला हसू आलं नाही. लढाईत त्याचा थोरला भाऊ वीरसिंग त्याच मुलखात रस्ता खोदायला गेला होता. ठेकेदारानं चांदसैली घाटाच्या पायथ्यापासून चाळीस गडी नेले, परतले एकोणतीस. वीरसिंगचं काय झालं, कुणी सांगितलं नाही. आणि मेल्याची खात्री नसली तर त्यांच्या जमातीत शिवेवर घोडेस्वार कोरलेला दगड उभा करता येत नाही. दगड नाही तोवर मेलेल्याला पूर्वजांच्या पंगतीत पान नाही. अठरा वर्षं वीरसिंग उपाशी होता, आणि त्याची बायको भुरीबाई ना सवाशीण ना विधवा.

सरकारनंच दगड उभा केलाय, मग आणखी खात्री कसली? पुढच्या मंगळवारी वाहरू वहिनीला घेऊन आला. भुरीबाईनं चित्राखाली पानाच्या द्रोणातून मोहाच्या दारूची धार सोडली, फलाटाच्या कडेवर हात आपटून बांगड्या फोडल्या. रडली नाही. एवढंच म्हणाली, "यास्मा त्यास्ना कोनता?"

वाहरू खिडकीशी गेला. "बाबू, वीरसिंगना दगड वाची दाखाड."

मगनबाबू बाहेर आला. काचा पाहून ओशाळला. "अरे, ह्या बंदूकवाला सोजिरेस्ना दगड शेतस. मजुरेस्ना कोनी उभा करेल नही. पहिले माले इचारी लेवानं व्हतं."

भुरीबाईनं मोकळी मनगटं पदरात घेतली. फुटलेल्या बांगड्या परत भरता येत नव्हत्या, आणि दगडही उभा करता येत नव्हता. वाहरू वाकला, एकेक काच वेचून धोतराच्या सोग्यात बांधू लागला.

"खाले काय लिखेल शे?" त्यानं वर न बघता विचारलं.

"मोटारना रस्ता एक नंबर शे, म्हने. सुखमा जा."

मग वाहरूनं मान वर केली. चित्रात, साहेबाच्या पाठीमागे, डोंगर चढत जाणारं रस्त्याचं एक काळं वळण होतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं.

"तो त्याना शे," तो म्हणाला. "पन रस्ता आडा ऱ्हास, बाबू. शिववर उभा कसा करू?"