एका टँकरचे दोन फोटो

गल्लीतल्या शिवणवालीला सगळे मावशी म्हणत आणि सहसा तिच्या वाटेला जात नसत. जिभेला धार, त्यात बहुतेक वेळा बाजू तिचीच खरी. मग भांडणार कोण?

नाल्यापलीकडच्या रंगाच्या कारखान्याचा टँकर रात्री येऊन नाल्यात घाण पाणी सोडायचा. गल्लीच्या विहिरीचं पाणी जांभळट झालं, पोरांच्या अंगावर चट्टे उठले. मावशी तक्रार घेऊन गेली, तर नगरपालिकेच्या कचेरीतले साहेब म्हणाले, पुरावा आणा. मावशीने दिराचा जुना कॅमेरा मागून घेतला. दीर लग्नाचे फोटो काढायचा. ऑटोवर ठेवा, बटण दाबा, उगाच डोकं लावू नका, असं त्याने वहिनीला बजावलं. म्हणजे आगीत तेलच ओतलं.

ऑटोवर नुसता लगदा निघाला. काळोख बघून कॅमेऱ्याने शटर बराच वेळ उघडं ठेवलं आणि तेवढ्यात हात हलला. मग तिने वेळ स्वतः ठरवला, सेकंदाचा तिसावा भाग. नंबरपाटीवर दिवा होता, नंबर लख्ख आला. दिवे सोडले तर बाकी सगळं काळं ठिक्कर. साहेब म्हणाले, गाडी नुसती उभीही असेल.

रिकामा होईपर्यंत टँकर जागचा हलत नाही, हे तिने हेरलं होतं. पुढच्या खेपेला गच्चीच्या कठड्यावर चिंध्यांची पिशवी, तीवर कॅमेरा, बोटाचा धक्का नको म्हणून टायमर आणि शटर चांगलं पंधरा सेकंद उघडं. पाइप दिसला, नाल्यात पडणारी धार दिसली. पाटी मात्र उजेडाने पांढरीफटक. साहेबांनी विचारलं, गाडी त्यांचीच कशावरून?

मावशी तणतणत घरी आली, मशीनवर बसली आणि दोन बाह्या जोडता जोडता तिच्या लक्षात आलं, की लख्ख पाटी आणि काळोखातली धार एका फोटोत मावायच्या नाहीत. मग दोन काढू. त्या रात्री तिने कॅमेरा जागचा न हलवता एक झटपट काढला, श्वास रोखून कॅमेऱ्यावरचं वेळेचं चाक फिरवलं आणि लगेच दुसरा पंधरा सेकंदांचा.

साहेबांनी दोन्ही फोटो पाहिले आणि हे दोन वेगळ्या रात्रींचे असतील म्हणून बाजूला सारले. मावशी उठली. खिडकीच्या काचेवर तिने एकावर एक फोटो ठेवला, कापडाचे काठ जुळवावेत तसा. पाटीवर पाटी, मागच्या लाल दिव्यांवर लाल दिवे, कारखान्याच्या फाटकाच्या दिव्यावर दिवा.

"दोन वेगळ्या रात्री टँकर बोटभरही इकडेतिकडे न होता उभा राहिला का, साहेब?"

साहेब काचेजवळ गेले. एकेका दिव्यावर बोट ठेवून पाहिलं. मग खुर्चीवर येऊन त्यांनी तक्रारीचा कागद ओढला आणि लिहायला घेतलं. मध्येच मान वर करून विचारलं, "फोटोग्राफर कोण लावला होता?"

"लावायला कशाला हवा?" मावशी म्हणाली. "मी काढले. तेही लिहा."