थोडंसं टोचेल

नर्सबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा त्या परसात स्टुलावर उभ्या होत्या. वाळक्या झाडाच्या ढोलीवर कॅमेरा रोखून पुटपुटत होत्या, "हलू नका, झालंच." मला वाटलं, मलाच सांगताहेत. मी फाटकात तसाच उभा राहिलो. ढोलीतून तांबड्या तुऱ्याचा सुतारपक्षी उडाला तेव्हा कळलं, पेशंट दुसराच होता. खाली त्यांचे धाकटे दीर स्टूल धरून उभे होते. शेजारचं घर त्यांचंच.

बाईंनी जन्मभर इंजेक्शनं दिली. सुईआधी "थोडंसं टोचेल" म्हणायच्या आणि खरंच थोडंसंच टोचायचं. निवृत्तीनंतर सुतारपक्ष्यांच्या नादी लागल्या. टोचणारा प्राणी, आमच्याच खात्यातला, असं म्हणायच्या. त्याच्या फोटोसाठी कुठे कुठे जाऊन यायच्या. पण जीव अडकलेला परसातल्या ढोलीत. तिथे पिल्लं होती.

बाई अशाच बाहेरगावी गेल्या असताना दिरांनी ते झाड पाडलं. पहाटेच्या टकटकीने त्यांची झोप मोडायची. पिल्लं गेली. बाई परतल्यावर ते म्हणाले, "वाळकं होतं, वहिनी. आज ना उद्या पडलंच असतं."

बाई भांडल्या नाहीत. खोड तेवढं मागून घेतलं. दिरांना वाटलं, जळणाला. बाईंनी गवंडी बोलावला आणि दिरांच्या झोपायच्या खोलीसमोर, पण आपल्या हद्दीत, ते खोड सिमेंटमध्ये उभं केलं. त्याला भोकं पाडून दाण्याचा लगदा भरला. दीर गल्लीभर 'वहिनींचा विजयस्तंभ' म्हणत हसत फिरले. मीही हसलो.

मधल्या काळात बाई जिथे जातील तिथून सुतारपक्ष्याचा फोटो दिरांच्या फोनवर पाठवायच्या. खाली एकच ओळ: 'भावजी, तुमची आठवण आली.' उत्तर येत नसे. फोटो पाहिल्याच्या निळ्या खुणा मात्र त्या मला कौतुकाने दाखवायच्या.

मग एका पहाटे खोड वाजू लागलं. पोकळ लाकूड ते, कुणी दार ठोठावतंय असंच वाटे. थोड्याच दिवसांत दीर चुरगळलेल्या सदऱ्यानिशी बाईंकडे आले. मी तिथे रक्तदाब मोजून घेत बसलो होतो.

"वहिनी, तो खांब काढा. डोळ्याला डोळा लागत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "पिल्लं आहेत हे मला ठाऊक नव्हतं."

बाईंनी माझ्या दंडावरचा पट्टा सोडवला, नीट गुंडाळला. "ढोलीचे फोटो काढताना माझं स्टूल कोण धरत होतं, भावजी?"

दीर चपला शोधू लागले.

"खोड वाळकंच आहे. आज ना उद्या पडेल," बाई अगदी पेशंटशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाल्या, "तोवर थोडंसं टोचेल."

गेल्या आठवड्यात दिरांनी पलंग मागच्या खोलीत हलवला. तिची खिडकीही बाईंच्याच परसाकडे उघडते. बाई सध्या रोज सकाळी लाकडाच्या वखारीत जाऊन दुसरं वाळकं खोड शोधताहेत.