आंदणाची गाय

मी गुरांची डॉक्टर नाही, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. दुभत्या गाईंच्या दुधातले आणि रक्तातले जंतू शोधायचे, एवढंच मी आयुष्यभर केलं. पण भोर-वेल्ह्याच्या डोंगरात हा फरक ऐकतो कोण? मी गाडीतून उतरले की कुणी बैलाचा खूर दाखवायचं, कुणी शेळीचे दात. एका आजोबांनी तर स्वतःचा गुडघाच पुढं केला होता. मी आधी चिडायची आणि मग बघायची. बघितल्याशिवाय चहा मिळत नसे.

मी मूळची किकवीची. पोरगी एवढी शिकली आणि शेवटी शेणातच गेली, हे आईचं ठरलेलं वाक्य. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत ती पाहुण्यांना नुसतं 'प्रयोगशाळेत आहे' म्हणायची. तिथं नेमकं काय करते ते काढायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. मला मात्र ते काम मनापासून आवडायचं, अजूनही आवडतं. काचेच्या बशीत काही दिवसांनी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उगवले की मला पेरलेलं उगवल्यासारखं वाटतं. फरक इतकाच, की माझं पीक बघून शेतकऱ्याचं तोंड उतरतं.

या भागात एक जंतू मला फार भेटला. त्याच्यामुळं गाभण गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, म्हणजे अपुऱ्या दिवसांचं वासरू टाकते. तो माणसालाही लागतो. संध्याकाळी ताप चढतो, सकाळी उतरतो, सांधे धरतात आणि माणूस महिनोन्महिने कण्हत राहतं. कच्चं दूध प्यायलं तरी लागतो, गाभडलेल्या गाईची, वासरामागून न पडता आतच अडकलेली वार उघड्या हातानं ओढून काढली तरी लागतो. आता आमच्याकडं ह्या दोन्ही गोष्टी मर्दुमकीच्या समजतात, त्याला मी काय करणार!

दोनेक वर्षांपूर्वी वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत एका घरच्या गाई लागोपाठ गाभडायला लागल्या. दवाखान्यातल्या गुरांच्या डॉक्टरांनी मला फोन करून बोलावलं. फोन ठेवताना म्हणाले, बाई, जरा जपून बोला, त्या घरात सुनेचं काहीतरी चाललंय.

घरात चारच माणसं. म्हातारा, म्हातारी, त्यांचा मुलगा आणि वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली सून. मी पोचले तेव्हा ओट्यावर एक फुगलेली पिशवी ठेवलेली होती. सून चौकटीत उभी होती आणि पुढं येत नव्हती. म्हातारीनं मला बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. ह्या घरात कधी गाय गाभडली नव्हती. ही आली आणि धडाका लागला. हिचा पायगुणच वाईट. पहिली गाय गाभडल्यापासून हिला गोठ्यात पाय टाकू देत नव्हते, तरी दुसरीनं वासरू टाकलंच. आता उद्या मुलगा तिला गाडीवरून विंझरला माहेरी सोडून येणार होता. परत कधी आणणार, ते कुणी बोलत नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी तिथंच उभी, आणि हे सगळं तिच्यादेखत, भाजीपाल्याचं बोलल्यासारखं चाललेलं! काहीतरी जहाल बोलणार होते, पण माझं लक्ष म्हातारीकडं गेलं. भर दुपारी, चांगलं ऊन असताना तिनं अंगाभोवती घोंगडी गुंडाळली होती. उठताना तिनं भिंतीला हात टेकला. ताप येतो का विचारलं तर म्हणाली, येतो की, दिवस मावळला की येतो. नसरापूरच्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली, गुण नाही. तिच्या मते हा तापही सुनेच्याच पायानं आला होता.

वार कोण काढतं, असं विचारल्यावर तिचा चेहरा जरा उजळला. म्याच काढते, म्हणाली, आख्ख्या वाडीत मलाच बोलावत्यात. दूधही ती गोठ्यात उभ्यानं, धारेचं गरम गरम प्यायची. चुलीवर ठेवलं की दूध मेलं, असं तिचं मत. बाई स्वतःच्या हातानं आजार घेत होती आणि पदराआडून सुनेकडं बोट दाखवत होती. मला तिचा राग येत होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदमच.

आदल्या संध्याकाळचं तिन्ही गाईंचं दूध वेगवेगळं ठेवायला मी आधीच सांगितलं होतं. तीन बारक्या नळ्यांत ते घेतलं, प्रत्येकीत जांभळ्या औषधाचा थेंब टाकला आणि नळ्या कोमट पाण्यात उभ्या केल्या. दुधात त्या जंतूची खूण असली की तासाभरात वरच्या साईला जांभळं कडं धरतं. नसली तर धरत नाही. सगळे पाण्याभोवती बसले. सूनही हळूहळू चौकटीतून ओट्यापर्यंत आली. गावरान गाईच्या नळीत काहीच दिसेना. तिच्या शेजारच्या नळीत फिकट कडं आलं. तिसरीत असं गडद, जाड कडं बसलं की म्हाताराही चष्मा काढून पुसायला लागला.

ते जर्सीचं दूध होतं. पहिली कोणती गाय गाभडली, मी विचारलं. हीच जर्सी, मुलगा म्हणाला. ही कुठून आणली, म्हटल्यावर सगळ्यांची नजर सुनेकडं गेली. जर्सी आंदणाची होती. लग्नात पोरीच्या बापानं बाजारातून घेऊन टेम्पोतून तिच्यामागोमाग धाडलेली.

"घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं," म्हातारा पुटपुटला.

अरे देवा! मी आले होते पोरीला सोडवायला आणि माझ्याच नळीनं तिला पक्कं अडकवलं होतं. त्या क्षणी मला खोटं बोलावंसं वाटलं. सांड बाहेरचा असेल, चरायला कुठं गेल्या असतील, असं काहीही ठोकून देता आलं असतं. पण जर्सीचं नाव लपवलं असतं तर म्हातारी पुन्हा तिचंच कच्चं दूध प्यायली असती, तिच्याच पोटात हात घातला असता. तेव्हा खरं ते सांगितलं. जर्सी आजारी आली, तिच्यापासून दुसरीला लागलं, आणि म्हातारीला ताप बहुतेक त्याचाच आहे. गाय बाजारातली, तिच्या पोटातला जंतू घेणाऱ्याला कसा दिसणार, ह्यात पोरीचा आणि तिच्या बापाचा काडीचा दोष नाही, हेही दोन दोनदा सांगितलं.

मुलानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी आलं ते हिच्या माहेराकडनंच, न्हवं का?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी त्याच्यावर खेकसणार, एवढ्यात सून पुढं आली. तिनं ओट्यावरची पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि नवऱ्याला म्हणाली, उद्या कशाला, आजच सोडा. आवाज अगदी साधा होता. दुकानात जाऊन येते म्हणावं तसा.

म्हातारी घोंगडीत बसून नळीकडंच बघत होती. तिनं मान वर केली.

"ठिव ती पिशवी खाली," ती म्हणाली. सून हलली नाही. मग म्हातारी माझ्याकडं वळली, कारण सुनेकडं बघून बोलणं तिला जमेना. "हिचा बाप दावणीची गावरान गाय देत व्हता, बाई. घरची व्यालेली, घरचीच वाढलेली. म्याच म्हनले, न्हाई, आमाला जर्सी पायजे, चार लोकांत शोभली पायजे. मग तो गेला बाजारात. ही गाय हिच्या पायानं न्हाई आली. माज्या तोंडानं आली."

मुलगा उठला, त्यानं बायकोच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

पुढं मी गाईंचं रक्त तपासलं. त्यात तेच निघालं. दोन्ही गाई वेगळ्या छपरात बांधल्या, दूध उकळायला लागले. म्हातारीला भोरच्या डॉक्टरांनी गोळ्यांचा लांबलचक कोर्स दिला, तो तिनं कुरकुरत का होईना पुरा केला. ताप गेला. हे सगळं चांगलंच झालं.

पण त्या दिवशी निघताना सून माझी पेटी घेऊन गाडीपर्यंत आली होती. मला राहवेना. बाप गावरान गाय देत होता हे तुला ठाऊक होतं ना, मी विचारलं, मग वर्षभर तोंडाला कुलूप का लावलंस? एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती!

तिनं पेटी मागच्या सीटवर नीट ठेवली.

"मला बी तसंच वाटायचं, ताई," ती म्हणाली. "माजाच पायगुण वाईट, असं. दुसरी गाभण हाय कळल्यावर गोठ्यावरनं जाताना म्या श्वास धरून जायचे. तिला माजा वारा लागू नये म्हणून."