ओव्याचा अर्क

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरना कुजबुजलेलं चालत नसे. खिडकीशी वाकून एखादी बाई "सिस्टर, जरा ते... आपलं ते..." असं सुरू झाली, की सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणत, "पाळी का? मग पाळी म्हण न! चोरी करून राहिली का?" रांगेतले पुरुष छताकडे बघू लागत आणि ती बाई पदर तोंडाला लावी. जयपूरच्या रेल्वे कॉलनीने त्यांचं नाव मिर्ची सिस्टर ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं काडीचंही काही वाटत नव्हतं.

सिस्टर नागपूरच्या, बौद्ध. आम्ही साताऱ्याकडचे. कॉलनीत मराठी घरं मोजून दहा-बारा, त्यामुळे हळदीकुंकवाला, गणपतीला त्यांनाही बोलावणं असे. पण त्यांना चहा कुठल्या कपातून द्यायचा हे प्रत्येक घराचं ठरलेलं होतं. आमच्याकडे कान तुटलेला एक कप बाल्कनीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. महिन्याचे चार दिवस तो माझा आणि सिस्टर आल्या की त्यांचा. आईला यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही तेव्हा वाटलं नाही, हे लिहिताना आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

माझं पोट फार दुखायचं. चौदाव्या वर्षीच्या थंडीत शेजारच्या भाभीजींनी आईला उपाय सांगितला, "दो चम्मच ब्रँडी, गरम पानी में. लड़की को आराम मिलेगा." माझ्या वडिलांनी, अण्णांनी, चांदपोल बाजारातून बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. आता पंचाईत अशी, की आमच्या घरात 'दारू' हा शब्दच चालत नसे. चहाशिवाय व्यसन नाही म्हणून अण्णा चारचौघांत मिरवायचे. मग आईने त्या बाटलीला 'अर्क' म्हणायला सुरुवात केली. "अर्क घेतलास का गं?" असं ती इतक्या सोज्वळपणे विचारी, की जणू तुळशीचा काढाच!

दोन चमच्यांचे चार झाले. पोट दुखो न दुखो, परीक्षेच्या दिवसांत मी लोणच्याच्या बरणीमागून स्वतःच ओतून घेऊ लागले. डोकं हलकं व्हायचं, जेवण मात्र नकोसं व्हायचं. आईला बाटली उतरलेली दिसत नव्हती असं मी कधीच मानणार नाही. मग माझी पाळी कधी महिन्यात दोनदा येऊ लागली, कधी लांबू लागली. आई मला दवाखान्यात घेऊन गेली. सिस्टरनी माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, "घरी काही औषध चालू हाये का?"

"घरचंच. अर्क देते," आई म्हणाली.

"ओव्याचा न? दे, दे. चांगला असते," सिस्टर म्हणाल्या आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मराठी घरात पोटदुखीला अर्क म्हटलं की ओव्याचाच, त्यांना दुसरं काय सुचणार? आईने मान डोलावली.

पुढे तीन महिने पाळी आलीच नाही. मी तेव्हा दहावीत होते. आईने दार लावून मला विचारलं, "कोण आहे तो?" तो कुणी नव्हताच, तर नाव कुणाचं सांगू? पण माझ्या शब्दापेक्षा कॅलेंडरवर तिचा विश्वास जास्त. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद झाली. स्थळ बघा म्हणून कराडच्या मावशीला पत्र गेलं. आणि पोटात उष्ण पडलं म्हणजे अडलेली पाळी सुटेल, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी त्या वेगळ्या कपातून अर्क सुरू झाला!

मी दवाखान्यात फिरकत नाही म्हणून एका सकाळी सिस्टर स्वतःच घरी आल्या. आईने मला चहा करायला सांगितलं. घाईत मी कोनाड्यातला कप उचलला, तळाशी सकाळचा घोटभर अर्क राहिला होता तो पाहिलाच नाही आणि वरून चहा ओतला. सिस्टरनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"वहिनी, हा कप कोणाचा?"

मीच म्हणाले, "माझा. बाहेरच्या दिवसांतला."

"अन् माझाही. पोरीची पाळी अन् माझी जात, दोघींले एकच कप! बरं झालं बाप्पा, त्या कपानंच सांगितलं. हा ओवा हाये का? दारू पाजून राहिल्या तुम्ही पोरीले?"

"दारू नाही हो, औषध... तीन महिने पाळी नाही तिला," आई पुटपुटली.

"पंधरा वर्षांची पोर हाये! तिचं शरीर अजून घडून राहिलं. पाळीचा हुकूम डोक्यातून खाली जाते, तो हुकूमच बिघडवते ही दारू. वरून पोर जेवत नाही, अंगात रक्त नाही. याच्याच पायी बंद झाली अशी शपथ मी नाही घेत, या वयात पाळी मागंपुढं होते. पण बिघडवायले हे पुरेसं हाये. पुढं तिले मूल व्हायचं तवा कोणाच्या नावानं रडसान?"

त्यांनी माझी लघवी तपासून आणली. पोटात काही नव्हतं. आईला हायसं वाटलं ते एवढ्याचंच! बाटलीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. सिस्टर मात्र स्वतःवरच संतापल्या होत्या. "मी काहून नाही विचारलं कशाचा अर्क?" असं त्या दोनदा म्हणाल्या.

त्यानंतर त्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारू लागल्या. आणखी दोन घरांत असलाच अर्क निघाला. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्या उभ्या राहिल्या आणि वाण लुटणाऱ्या बायकांना मोठ्याने म्हणाल्या, "पोरींले पाळीत ब्रँडी पाजू नका." आमचं नाव त्यांनी घेतलं नाही. पण बायका अशा बिथरल्या, की विचारू नका! ब्रँडीसाठी नव्हे हं, सवाष्णींत पाळीचं नाव काढलं म्हणून. 'सभ्य घरांची बदनामी' म्हणून दवाखान्याच्या डॉक्टरांकडे तक्रार गेली. तिच्यावर पहिली सही अण्णांची होती.

चौकशीत सिस्टरना घर सांगावं लागलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावलं. आदल्या संध्याकाळी अण्णा म्हणाले होते, "नीट बोललीस तर सोमवारपासून शाळा. नाहीतर कराड." डॉक्टरांनी विचारलं, "बेटी, घर में क्या लेती थी?" समोर सिस्टर उभ्या होत्या. मी म्हणाले, "अजवाइन का अर्क." डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं.

सोमवारी मी शाळेत गेले. बाटलीला मी पुन्हा हात लावला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाळी आली, आणि त्याच आठवड्यात सिस्टरची बदली झाली, वाळवंटातल्या एका स्टेशनावर, जिथे पाणीसुद्धा टँकरने येतं. मी शाळेतून परस्पर दवाखान्यात गेले. व्हरांड्यात त्या पत्र्याच्या ट्रंकेला दोरी बांधत होत्या.

"सिस्टर, मी खोटं बोलले," मी रडत म्हणाले.

"माहीत हाये. पाळी आली का?"

"आली."

"छान झालं. जेवत जा." दोरीची गाठ त्यांनी दाताने ओढली. "अन् हे मले काहून सांगून राहिली? खोटी मी डॉक्टरपाशी ठरली. डॉक्टरले सांग. आत बसले हायेत."

डॉक्टरांचं दार तिथून चार पावलांवर होतं, उघडंच. मी डोळे पुसले, दप्तर उचललं आणि घरी गेले.