ओळ उचलणारी बाई

माझा नवरा विनोदी कवी. पुण्याच्या कॅम्पात वाढलेला पंजाबी माणूस, माझ्याशी मराठीत बोलतो, लिहितो उर्दू-पंजाबीत. विषय मात्र एकच: मी. माझं वजन, माझी जीभ, माझी भाजी. लग्नानंतर दोन-चार मुशायऱ्यांना पहिल्या रांगेत बसले. लोक हसायचे आणि वळून माझ्याकडे बघायचे. म्हटलं, हौस फिटली. पुन्हा गेले नाही.

आता ह्यांना विसरायला होतं. पहिली ओळ येते, दुसरी येत नाही. मुशायऱ्यात कवीची पहिली ओळ ऐकणारे मोठ्यानं परत म्हणतात. त्याला ओळ उचलणं म्हणतात. तेवढ्यात कवीला दम खाता येतो. धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये हल्ली ते काम माझ्याकडे. हे बाहेरून म्हणणार, मी कणीक मळता मळता उचलणार. ह्यांना दुसरी सापडली तर ठीक, नाहीतर तीही मीच सांगायची. म्हणजे स्वतःची टिंगल स्वतःच पाठ करायची! दमले हो मी, खरंच दमले.

त्यात कॅम्पातल्या एका हॉलमधून रविवार सकाळच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. मी म्हटलं, नाही म्हणून सांगा. हे म्हणाले, "स्टेजवर अडलो तर लोक कीव करतील. तेवढं सोसणार नाही मला. तू पुढे बस." ह्या माणसानं आयुष्यात कधी विनवणी केली नव्हती. गेले.

दोन कविता नीट पार पडल्या. तिसरीची पहिली ओळ म्हणून हे थांबले: डॉक्टरांनी बेगमला महिनाभर मौन सांगितलं. मी ओळ उचलली. हॉलनं उचलली. परत उचलली. हे नुसते माईककडे बघत राहिले. मागे कुजबुज सुरू झाली. शेवटी उभी राहिले आणि माझ्या पुणेरी उर्दूत खणखणीत म्हटलं, मी फी दुप्पट दिली आणि वर्षाचं लिहून घेतलं!

हॉल हसून लोळला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, सलाम केला आणि म्हणाले, "वा बाई! माझ्या बायकोला ओळखता वाटतं?" टाळ्या थांबेनात. काय हजरजबाबी आहेत, असं शेजारची म्हणाली. मीही हसले. म्हटलं, सुटलो एकदाचे.

बाहेर रिक्षा मिळाली. मी बसले, हे बाहेरच अवघडून उभे. "बसा की!" म्हटलं, तर अगदी कडेला, अंग चोरून बसले. मी रिक्षावाल्याला धायरी सांगितलं.

"अरे वा, आम्हीही धायरीचेच," हे अदबीनं म्हणाले. "आधी तुम्हाला सोडू, मग मी पुढे जातो. फक्त जरा लवकर घ्यायला सांगा त्याला. बायको जेवायची थांबली असेल. मी गेल्याशिवाय घास घेत नाही ती."