मागच्या दारचा कोबा

धनराजने घराभोवतीचा कोबा नवा केला, तो आईसाठी. निदान सगळ्यांना तो तसं सांगायचा. निमित्त खरं होतं. त्याच्या आई चतुराबाई, वय बहात्तर, मागच्या दारी धुण्याची बादली नेताना फुटक्या कोब्यात पाय अडकून पडल्या होत्या आणि दीड महिना हात प्लास्टरमध्ये घेऊन बसल्या होत्या.

मग पेठकडचा गोटीराम मिस्त्री आला. धनराजने त्याच्याकडून फाटकापासून पुढच्या दारापर्यंतचा, चांगला धडधाकट कोबा फोडून घेतला. ओल्या काँक्रीटवर साचे दाबून दगडी फरशीसारखी तपकिरी नक्षी उठवून घेतली. मागच्या बाजूचं काय, असं गोटीरामने विचारलं, तर म्हणाला, ते पुढच्या टप्प्यात. धनराज प्लॉट विकायचा. त्याचा पुढचा टप्पा म्हणजे काय, हे गिऱ्हाइकांना दोन-चार वर्षांनी कळायचं; आईला तिथल्या तिथे कळलं.

चतुराबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी धुणं पुढे आणलं. नक्षीवर बादली, जास्वंदीवर परकर. सून उज्ज्वलाने हळूच सुचवलं की लोक येतात. मागं पडायची भीती वाटते, एवढंच त्या म्हणाल्या. चैत्र लागला तशा जुन्या साड्यांवर मिरच्या आल्या, मग कुरडया आल्या, आणि फाटकातून दारापर्यंत यायला जेमतेम पाऊल टाकण्यापुरती वाट उरली.

धनराज बडी गिऱ्हाइकं मुद्दाम घरी आणायचा. आपल्या प्लॉटवर कसं घर शोभेल ते दाखवायला. त्या रविवारी निफाडचे एक द्राक्ष बागायतदार आणि त्यांच्या पत्नी सविताबाई आल्या. मिरच्यांच्या खाटाने धनराज शिंकत शिंकत नक्षीची माहिती देऊ लागला. सविताबाई मात्र साडी सावरून खाली बसल्या आणि चतुराबाईंबरोबर कुरडया उलटू लागल्या. वाळवण दारातच का घातलं, असं त्यांनी सहज विचारलं.

"चला, दाखवते," चतुराबाई म्हणाल्या.

मागे कोबा पापडासारखा तडकला होता. मोरीचं पाणी भिंतीशी तुंबलं होतं. सविताबाईंनी सगळं नीट पाहिलं, पुढे आल्या आणि धनराजला शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, प्लॉटचंही असंच का? पुढून एक अन् मागून एक?"

व्यवहार काही झाला नाही. संध्याकाळी धनराज आईवर चिडला, माझी इज्जत घालवलीस म्हणाला. चतुराबाई कुरडया डब्यात भरत होत्या. "म्या काय बोलले? मागलं दार तेवढं दाखवलं," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांत गोटीराम मागच्या दारी हजर. इथं नक्षी कोणती, असं त्याने चतुराबाईंना विचारलं. नक्षी नको, पाय ठरला पाहिजे आणि पाणी नालीकडे गेलं पाहिजे, असं त्यांनी सांगितलं, आणि ढाळ बरोबर आहे का, ते तांब्याभर पाणी ओतून दोनदा पाहिलं. गोटीरामने ओल्या कोब्यावर झाडू फिरवून खरखरीत रेघा ओढल्या.

धनराजने आईला त्या कोब्याच्या कडेला उभं करून फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला: 'आईच्या सुखापुढे काही नाही.' एकवीस जणांनी हात जोडले. रोज पाणी मारायला गोटीरामने सांगितलं होतं, ते मात्र धनराज दुसऱ्याच दिवशी विसरला. चतुराबाईंनी आठवडाभर दोन्ही वेळ स्वतः पाइप धरला. आठव्या दिवशी पिळलेल्या कपड्यांची बादली उचलून, भिंतीला हात न लावता, त्या पार दोरीपर्यंत गेल्या.