दुखलं तर डावा हात वर करा

परवा नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. जुन्या मापाचं वॉशर त्याच्या पिशवीच्या तळाशी सापडलं तेव्हा तो म्हणाला, "देवाची कृपा साहेब, नाहीतर आज पाणी नव्हतं तुम्हाला." आणि माझा मुलगा म्हणाला, "हो."

नुसतं "हो."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. चौतीस वर्षांत असं एकदाही झालेलं नाही. एरवी त्याने प्लंबरला स्टुलावर बसवून विचारलं असतं की नळ गळायला लागला तेव्हा तुमचा देव कुठे होता, आणि वॉशर ज्या कामगाराने बनवलं त्याचे आभार कोणी मानायचे. प्लंबर तासभर भांडून, दोन कप चहा पिऊन, पाना इथेच विसरून गेला असता. त्याऐवजी "हो". रात्री तो झोपल्यावर मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"आई, काय करतेस?"

"डास होता."

तो दातांचा डॉक्टर आहे. दवाखाना त्याच्या बाबांचा. ते जाऊन नऊ वर्षं झाली. जिन्याखालून आत शिरलं की बाहेरची खोली, तिथे पाच खुर्च्या, एक टेबल आणि टेबलामागे आठवड्यातले तीन दिवस मी. फोन घेते, वेळा लिहून ठेवते, रडणाऱ्या मुलांना खोटंच सांगते की काही दुखत नाही. मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झाले. त्या पदवीचा उपयोग एवढाच झाला की घरात जन्मभर चाललेला वाद कुठे चुकतोय हे मला कळत असे, पण सांगायची सोय नसे. माझा स्वतःचा देवावरचा विश्वास रक्तदाबासारखा आहे, रोज वेगळा आकडा.

आतल्या खोलीत मुलगा आणि मावशी. मावशी म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस. मुलगा पाच वर्षांचा असताना कामाला लागल्या, म्हणजे एकोणतीस वर्षं झाली. हत्यारं उकळायची, रोग्याचं डोकं धरायचं, थुंकी ओढणारी नळी तोंडात धरायची, ही त्यांची कामं. मला त्या वहिनी म्हणतात, रोग्यांसमोर मुलाला डॉक्टर म्हणतात आणि रोगी बाहेर गेला की सोन्या. त्यांचा देवावर इतका साधा, ठाम विश्वास आहे की मला कधीकधी हेवा वाटतो. त्याच्याशी त्या शेजाऱ्याशी बोलावं तशा बोलतात, तक्रारीसकट.

वादाची सुरुवात मुलगा सातवीत असताना झाली. त्याने प्रयोग करायचं ठरवलं. गणिताच्या पेपरासाठी मनापासून प्रार्थना करायची, इतिहासाच्या पेपरासाठी अजिबात नाही, आणि मग निकाल बघायचा. दोन्हींत बासष्ट गुण मिळाले. तो निकालपत्र नाचवत दवाखान्यात गेला.

"मावशी, बघ! काही फरक नाही! म्हणजे देव नाही!"

मावशींनी निकालपत्र उलटसुलट करून पाहिलं. "अरे, न मागता इतिहासात बासष्ट दिले त्याने तुला. आणि तू हे असं बोलतोस?"

तो त्या दिवशी जेवला नाही. पुढे शिकून डॉक्टर झाला, बाबांच्या जागी उभा राहिला, आणि वाद जिथे थांबला होता तिथून परत सुरू झाला. आता तर त्याला ऐकायला माणसंही मिळाली. खुर्चीत आडवा झालेला माणूस, तोंड सताड उघडं, उठून जायची सोय नाही. असा श्रोता कुठल्या सभेत मिळतो?

"ही अक्कलदाढ बघ," तो मावशींना आरशात दाखवत म्हणायचा. "जागा नाही, काम नाही, तरी वाकडी येऊन बसली आहे. हे कोणी आखलं असेल तर त्याला कामावरून काढायला हवं."

"अक्कलदाढा नसत्या तर तू खाल्लं काय असतंस? तुझ्या पोटाची सोय केली आहे त्याने."

"बरं, दात दोनदाच का दिले मग? शार्कला बघ किती वेळा येतात!"

"दोनदा दिले ते दोनदा किडवले. तिसऱ्यांदा कोण देईल?"

आणि मुलाचा मुद्दा जड व्हायला लागला की मावशी नळी गालाच्या आतल्या बाजूला अशी टेकवायच्या की मोठ्ठा सुर्र आवाज व्हायचा आणि पुढचं वाक्य त्यात वाहून जायचं. मी बाहेर बसून हसायची. रोगीही हसायचे, जमेल तसे. काही जण तर दात ठीक असताना तपासायला यायचे, वाद कुठवर आला ते बघायला.

दोन वर्षांपूर्वी मुलाने मतदान सुरू केलं. खुर्चीतल्या माणसाला बोलता येत नाही, पण हात तर वर करता येतो. काम ऐन रंगात आलं की तो विचारायचा, "देव नाही असं वाटत असेल तर हात वर करा." कापसाच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला होता. एकीकडे 'आहे', दुसरीकडे 'नाही'. हात वर आला की 'नाही'च्या खाली रेघ, नाही आला की 'आहे'च्या खाली. रेघ मावशी मारायच्या, कारण मुलाचे हात कामात असायचे. प्रामाणिक बाई. स्वतःच्या विरुद्धची रेघसुद्धा पट्टीने मारावी तशी सरळ. गेल्या महिन्यापर्यंत 'नाही' एकशे त्रेचाळीस, 'आहे' एकसष्ट. मावशींनी हार मानली नव्हती, पण कपाट उघडताना त्या कागदाकडे बघत नसत. मुलगा मात्र दर शनिवारी बेरीज करायचा आणि मला येऊन सांगायचा, "आई, समाज बदलतोय."

समाज बदलत नव्हता. झालं होतं ते असं की खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो बाबांसारखंच आधी सांगायचा, "दुखलं तर डावा हात वर करा." आणि मशीन सुरू केल्यावर वीस मिनिटांनी विचारायचा, देव नाही असं वाटत असेल तर हात वर करा. सूचना दोन, हात तोच. भूल दिलेली असली तरी त्या मशीनच्या आवाजानेच माणसाचा हात वर जातो. हे तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. तर्कशास्त्रवालीच्या तर नाहीच नाही.

ते लक्षात आणून दिलं एका निवृत्त न्यायाधीशांनी. सोळा दिवसांपूर्वी, सोमवारी, ते खालच्या दाढेचं रूट कॅनाल करायला आले. काम चालू झालं, प्रश्न विचारला गेला, आणि न्यायाधीशांचा हात वर गेला.

"मावशी!" मुलगा ओरडला. "साक्षात न्यायाधीश! आता बोल!"

मावशींनी मुकाट्याने रेघ मारली. हात वरच होता. मग दुसराही वर गेला. मग न्यायाधीशांनी पाय झाडले.

"दोन मतं नाही देता येत, साहेब," मुलगा म्हणाला.

शेवटी न्यायाधीशांनी त्याचं मनगटच धरलं, नळी स्वतः बाहेर काढली आणि उठून बसले. अर्धा जबडा बधिर, तरी आवाज कोर्टातला. "दुखतंय, गाढवा!"

मुलाने सॉरी म्हणून आणखी भूल दिली. ती चढेपर्यंत न्यायाधीशांनी चौकशी केली: हा कागद कसला, प्रश्न कधी विचारता, हात कुठला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी अठ्ठावीस वर्षं खटले चालवले. साक्षीदाराच्या तोंडात मशीन घालून घेतलेली साक्ष कुठलंही कोर्ट मानत नाही. सगळी मतं रद्द."

मधलं दार उघडंच होतं. बाहेरच्या पाचही खुर्च्या हसायला लागल्या. मावशी इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "एकशे चव्वेचाळीस जण दुखतंय दुखतंय म्हणून सांगत होते, आणि हा म्हणे समाज बदलतोय!" असं म्हणून त्या पुन्हा हसल्या. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल तर मी. टेबलावर डोकं ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मुलाचे कान लाल झाले होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मावशींची स्वतःची वरची उजवी दाढ आठ महिन्यांपासून दुखत होती. हजारो लोकांची डोकी धरलेल्या या बाईला सुईची भयंकर भीती वाटते. मुलगा रोज मागे लागायचा, त्या रोज पुढे ढकलायच्या. शेवटी त्याच गुरुवारी चार वाजता काढायचं कबूल केलं होतं. मीच वहीत लिहिलं होतं. "देवाकडे धीर मागितला आहे," असं त्या मला म्हणाल्या होत्या.

ते मुलालाही माहीत होतं. त्याने हातमोजे काढले आणि म्हणाला, "मग गुरुवारी माझ्याकडे कशाला येताय तुम्ही? तुमच्या देवालाच सांगा दाढ काढायला."

एकोणतीस वर्षांत तो त्यांना कधी 'तुम्ही' म्हणाला नव्हता.

हसणं थांबलं. न्यायाधीशांचं काम पूर्ण होईपर्यंत मावशींनी नळी धरली, एकदाही सुर्र होऊ न देता. मग कोपरापर्यंत हात धुतले, ॲप्रन घडी करून ठेवला, उरलेल्या रोग्यांचे कागद क्रमाने लावले, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "येते वहिनी." त्या परत आल्या नाहीत.

मी त्याला त्या रात्रीच म्हटलं, फोन कर. तो म्हणाला, "मी जे बोललो ते तर्काला धरून होतं." मी म्हटलं, "तर्क मला शिकवू नकोस." तो म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस." मी पडले नाही. पडायला तोंड कुठे होतं? तो चिडला तो मावशींवर नाही, माझ्या हसण्यावर चिडला, असं मला राहून राहून वाटतं. लोक हसले, ते ठीक. आई हसली. आणि शब्द बसले मावशींना.

तेव्हापासून तो एकटा काम करतो. एका हाताने नळी, दुसऱ्याने मशीन. परवा एका बाईंची जीभच नळीला चिकटली, त्या घाबरून खुर्चीसकट फिरल्या. नवीन मदतनीस बघू का म्हटलं तर "नको" म्हणतो. कपाटावरचा कागद काढलेला नाही. रोग्यांना काही विचारत नाही. नेहमीचे लोक वाद ऐकायच्या आशेने येतात आणि नुसतेच दात दुरुस्त करून घेऊन हिरमुसले होऊन जातात.

पहिल्या गुरुवारी मी विचारलं, चारची वेळ दुसऱ्या कोणाला देऊ का. "राहू दे," म्हणाला. चार वाजता मी आत डोकावले तर ट्रेवर सगळं मांडलेलं. वरच्या दाढेचा चिमटा, कापूस, आणि लहान मुलांसाठी ठेवतो ती सगळ्यांत बारीक सुई. दिवा लावलेला. हा खिडकीशी उभा, रस्त्याकडे बघत. पावणेपाचला त्याने सगळं उचलून ठेवलं.

दुसऱ्या गुरुवारी न्यायाधीशांना नेमकी चारचीच वेळ हवी होती. मी वही उघडली तर चारच्या पुढे त्याच्या अक्षरात आधीच लिहिलेलं: मावशी, वरची उजवी. न्यायाधीशांना मी साडेपाच दिले. चार वाजता पुन्हा तोच ट्रे, तीच खिडकी.

मला राहवलं नाही. "कोणाची वाट बघतोयस?"

"कोणाचीच नाही."

"येणार नाही असं पक्कं माहीत असताना वाट बघायची, याला तू काय म्हणायचास रे?"

एरवी या वाक्यावर त्याने मला उभं चिरलं असतं. त्याने फक्त दिव्याची मान सरळ केली.

आज संध्याकाळी औषधांच्या दुकानात कापूस आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "तुमच्या मावशी दुखण्याच्या गोळ्या नेतात हो रोज. गाल हा एवढा सुजला आहे. म्हटलं, तुमच्याच घरी डॉक्टर असल्यासारखा आहे, तर म्हणाल्या, त्याला काम फार आहे." मी घरी येऊन ते जेवताना सांगितलं. मुलाचा हात ताटातच थांबला.

"कुठली बाजू?"

"उजवीच असणार ना."

"ताप आहे का? तोंड किती उघडतं? गोळ्या कुठल्या?"

"मला काय माहीत? तूच विचार."

तो उठून खोलीत गेला. भिंतीपलीकडून मला त्याच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. फोन हातात घेतला असावा, कारण मधूनच बटणाचा आवाज यायचा आणि मग काहीच नाही. आता शांत आहे. झोपला की नुसताच पडलाय, कोण जाणे.

उद्या गुरुवार. तिसरा.

मावशी साडेपाचला उठतात. मग वीस मिनिटं त्यांची प्रार्थना, त्यात त्या कोणाचाच फोन उचलत नाहीत, मग चहा. सहाला पाच मिनिटं कमी असताना मी फोन लावणार आहे. स्वयंपाकघरातूनच लावीन, आणि मोठ्याने बोलेन, म्हणजे पलीकडे ऐकू जाईल. आधी सांगेन की त्या दिवशी सगळ्यांत जास्त मी हसले आणि ते चुकलं. मग वहीतलं सांगेन, ट्रेचं सांगेन, बारीक सुईचं सांगेन. त्यांनी विचारलं, त्याने सांगितलं का फोन करायला, तर नाही म्हणेन, कारण खोटं बोललेलं त्यांना लगेच कळतं. आणि मग म्हणेन, मावशी, तो चार वाजता उभा राहतो हो खिडकीत. मी येते तुम्हाला न्यायला. तुमचं डोकं मी धरेन.